थोरली कशी आहे?

तळी पाच. जिन्याच्या पायऱ्यांसारखी वरून खाली उतरत गेलेली. सगळ्यात वरची थोरली. तिच्या खाली मधली, मग आडवी, मग नकटी, आणि सगळ्यात शेवटी वाळूच्या काठाची, तळ दिसेल इतकी नितळ धाकटी. आडवीला आडवी म्हणतात कारण ती वाऱ्याच्या वाटेत आडवी पडलीय. नकटीचा एक काठ कधीतरी ढासळला तो ढासळलाच. तळं हा शब्द नपुंसकलिंगी असतो असं शाळेत शिकवतात. पण इथल्या एकाही तळ्याला कुणी 'ते' म्हटल्याचं ऐकिवात नाही. ती फुगते, ती रुसते, वारा सुटला की ती अंगावर येते.

आणि या पाच जणींच्या जिवावर जगणाऱ्या नावाड्याच्या घरातही एक थोरली होती आणि एक धाकटी. दोघी जावा.

त्यामुळं घोटाळे व्हायचे. एकदा पोहायला आलेल्या कुणीतरी विचारलं, "धाकटी खोल आहे का हो?" थोरला भाऊ वल्हं पुसत म्हणाला, "छे! उथळ आहे. बघितलं की तळ दिसतो." मागून धाकटी हातातल्या डांबराच्या कुंच्यासकट आली. "कोण उथळ, दादा?" तो बिचारा पाण्यात पडायचाच राहिला होता. ते हसणं घरात पुढं कितीतरी दिवस पुरलं. सगळ्यात जास्त हसायची थोरलीच. तिचं हसणं पलीकडच्या काठावर ऐकू जायचं आणि पलीकडचे धोबी कपडे आपटायचे थांबायचे.

ते हसणं बंद झालं त्याला आता वर्ष होत आलं होतं, आणि का बंद झालं हे धाकटीला ठाऊक नव्हतं.

गेल्या मोसमाच्या शेवटी एका दुपारी थोरलीनं तोंड फिरवलं ते फिरवलंच. भांडण नाही, आदळआपट नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आपली चूल नावांच्या शेडच्या पलीकडच्या अंगाला मांडली. दादा बायकोच्या मागं आपली उशी घेऊन गेला. त्याला विचारलं तर म्हणाला, "मला काय सांगते ती? मला फक्त उशी उचला म्हणाली." पुढच्या आठवड्यात थोरली खालच्या लॉजवर चादरी धुवायला जायला लागली. जिनं जन्मभर वल्हं मारलं, ती आता सुट्टीवर आलेल्यांच्या घामाच्या चादरी पिळत होती.

शहाणी माणसं म्हणतात, असल्या घरांतली भांडणं पैशावरून होतात. म्हणू देत. ज्यांनी घर कधी आतून बघितलं नाही त्यांना भिंतच दिसणार.

*

यंदा थोरली आटली. म्हणजे तळं. पाणी मागं सरकत सरकत गेलं आणि काठाला आधी ओला, मग भेगाळलेला, मग पुन्हा आत ओला असा चिखलाचा पट्टा उघडा पडला. थोरली आणि मधली यांच्यामध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे, तिला खांदा म्हणतात. बाकीची तळी पाटांनी जोडलेली. नाव बसल्या बसल्या एकीतून दुसरीत जाते. खांद्याशी मात्र उतरायचं, नाव उचलायची, पलीकडे मधलीत सोडायची. चांगल्या वर्षी ते काम चार पावलांचं. दोघं जण ओढूनसुद्धा नेतील. यंदा थोरलीच्या पाण्यापासून मधलीच्या पाण्यापर्यंत सगळा चिखल आणि त्यात लपलेले धारदार दगड. ओढली तर नाव बुडाला फाटणार. उचलायलाच हवी, आणि उचलायला चार माणसं हवीत: चार सारख्या सवयीची, एकमेकांचं पाऊल ओळखणारी.

अशी चार माणसं जगात होती. शेडच्या या बाजूला दोन आणि त्या बाजूला दोन.

धाकटी आणि तिचा नवरा मोठ्या नावेच्या फटीत काथ्या ठोकत बसले होते. काथ्याची वात वळायची, फटीत बसवायची, बोथट छिन्नीनं आत सारायची, वरून डांबर. धाकटीच्या नखांत डांबर असं बसलं होतं की नख कापल्याशिवाय निघणार नव्हतं. तेवढ्यात इंजिनवाला आला.

इंजिनवाल्याचं खरं नाव कुणी घेत नसे. धाकटी तळ्याच्या काठावरचा लॉज त्याचा. त्यानं तिथं मोटारबोटी आणल्या, आणि पायानं चालवायची प्लास्टिकची बदकं. खालून पक्का रस्ताही आला. आता लोक गाडीनं थेट धाकटीवर उतरतात, बदकात बसतात, फोटो काढतात, आणि पाच तळी बघितली म्हणून घरी सांगतात.

"जपून ठोका," तो म्हणाला. "माझीच व्हायचीय ती नाव."

"तुमच्याकडं इंजिनं आहेत की," धाकटीचा नवरा मान वर न करता म्हणाला. "आमचं लाकूड कशाला?"

"गेटसमोर ठेवणार. माती भरून फुलं लावायची आत. फार छान दिसतं. लोकांना जुनं आवडतं."

धाकटीचा हातोडा थांबला. "जुनं आवडतं तर जुन्यात बसा म्हणावं की. माती कशाला भरता?"

"वहिनी, रागावू नका. फेरी तर यंदा होत नाही तुमची. उभी राहून कुजण्यापेक्षा फुलं बरी. तुमच्या मोठ्या जाऊबाई कशा शहाण्या, वेळेवर आल्या माझ्याकडं."

तो गेला. नवरा बराच वेळ एकाच फटीत काथ्या कोंबत राहिला.

"अहो, भरली ती," धाकटी म्हणाली.

"हं?"

"फट. भरली. आता फुटेल."

*

संध्याकाळी म्हातारा शेडच्या पायरीवर येऊन बसला. म्हातारा म्हणजे दोघींचा सासरा. पाचही तळ्यांच्या पाण्यावर त्याचा जन्म गेला; पाण्यावरची उन्हं खाऊन खाऊन डोळे गेले. रोज दिवस मावळताना तो तिथं बसायचा आणि विचारायचा, "थोरली कशी आहे?"

कुणीतरी उत्तर द्यायचं. काठाला लागलीय. दगड दिसायला लागलेत. लाटा आहेत जरा. मग म्हातारा मान हलवायचा आणि जेवायला उठायचा. पण चुली दोन झाल्यापासून त्या प्रश्नाला उत्तर देताना प्रत्येकाची जीभ अडखळायची.

"थोरली कशी आहे?"

"आट..." धाकटीचा नवरा म्हणाला आणि थांबला. पलीकडच्या अंगाला भांडं घासल्याचा आवाज येत होता, तोही थांबला. "कमी झालीय, बाबा."

"हं," म्हातारा म्हणाला. मान हलवली नाही. उठलाही नाही.

धाकटीची लेक पलीकडच्या चुलीपाशी जेवत होती. ती रोज तिकडंच जेवायची. मोठ्या आईच्या मांडीवर ती वाढली होती आणि घराचे दोन भाग झाले हे तिनं अजून मनावर घेतलं नव्हतं. थोरलीला स्वतःचं मूल झालं नाही. कुणी तिला त्यावरून बोललं नाही, निदान या घरात नाही. बाहेर लोकांची तोंडं काय कमी असतात! पण घरात कुणाच्या मनातही ते नसायचं, इतकं की धाकटी ते विसरूनच गेली होती.

विसरणं ही चांगली गोष्ट आहे असं तिला वाटायचं. ज्याचं दुखतं त्याला तसं वाटत नसतं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. पलीकडून मास्तरीणबाई. शहरात मुलांना पोहायला शिकवण्यात आयुष्य घालवलेली, आवाजात अजून शिट्टी असलेली बाई. दर सुट्टीत आपल्या मैत्रिणींची टोळी घेऊन यायची आणि थोरलीपासून धाकटीपर्यंत फेरी करायची. तिची अट एकच: पाचही तळी एकाच नावेतून. मध्ये नाव बदलली तर ती फेरी नव्हे, बस बदलणं झालं.

"परवा येतोय!" फोन कानापासून लांब धरला तरी ऐकू येत होतं. "फेरी आहे ना? नसेल तर आत्ताच सांगा, आम्ही खालच्या रस्त्यानं जाऊ. तो बदकवाला रोज फोन करतोय."

नवऱ्यानं बायकोकडं बघितलं. बायकोनं मान नकाराची हलवली. तो म्हणाला, "आहे की! नसायला काय झालं?"

फोन ठेवला तेव्हा धाकटी त्याच्याकडं नुसती बघत राहिली.

"यंदा गेल्या की गेल्या त्या," तो म्हणाला. "मग खरंच फुलं लावू या नावेत. तूच पाणी घाल."

*

दुसऱ्या दिवशी दोघांनी स्वतःच प्रयत्न करून बघितला. नवरा पुढं दोर खांद्याला लावून, धाकटी मागून ढकलायला. नाव पाण्यातून निघाली, चिखलावर हातभर सरकली, आणि जेवून झोपलेल्या म्हशीसारखी बसली. नवऱ्यानं जोर लावला तसा दोर हातातून सुटला आणि तो तोंडावर आपटला. उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर फक्त दोन डोळे उरले होते. रस्त्यावर सुट्टीची एक गाडी थांबली होती. तिच्या काचा खाली झाल्या, एक फोन बाहेर आला, कुणीतरी आतून हसून म्हणालं, "काढ काढ, भारी आहे!" आणि गाडी गेली. माणूस चिखलात पडला की बघणाऱ्याची सुट्टी सार्थकी लागते.

त्याच रस्त्यानं थोरली लॉजच्या चादरींचं गाठोडं घेऊन चालली होती. तिनं दिराकडं बघितलं, नावेकडं बघितलं. गाठोडं या काखेतून त्या काखेत घेतलं. आणि चालू लागली.

धाकटी चिखलाच्या पायांनीच तिच्या मागं निघाली.

लॉजच्या मागच्या अंगणात सिमेंटचा हौद, दोऱ्या, आणि पांढऱ्या चादरींच्या भिंतीच भिंती. थोरली एक ओली चादर हौदातून उपसत होती. दुहेरी चादर एकट्या बाईला पिळता येत नाही; ती एक टोक खांबाला गुंडाळायची आणि दुसरं पिळायची. धाकटीनं खांबाचं टोक सोडवलं आणि हातात घेतलं. दोघी पिळू लागल्या. थोरली उजवीकडं, धाकटी डावीकडं. चादरीचा दोर झाला, पाणी गळलं, दोघींच्या मनगटांच्या शिरा वर आल्या. ही सवय जुनी होती. हातांना भांडण माहीत नव्हतं.

"हात काळे आहेत तुझे," थोरली म्हणाली. वर्षभरातलं पहिलं वाक्य.

"डांबर आहे. वाळलंय. लागत नाही."

"लागलं तर माझी हजेरी कापतील."

"नाही लागत, जाऊबाई."

दुसरी चादर. तिसरी चादर. मग धाकटीला राहवलं नाही. "माझं काय चुकलं ते तरी सांगा."

थोरलीनं चादर झटकली. मध्ये पांढरी भिंत आली. भिंतीपलीकडून आवाज आला, "चुकलं कुठं? खरं तेच बोललीस."

"काय बोलले मी? कधी?"

चादरीला चिमटे लागले: एक, दोन.

"उद्या मास्तरीणबाई येतायत," धाकटी चादरीला म्हणाली. "फेरी नाही झाली तर मोठी नाव या गेटसमोर येणार. तुम्ही रोज सकाळी तिच्यातली फुलं बघत आत याल."

आणखी एक चिमटा लागला.

"मामंजी विचारतील, नावेचं काय झालं. त्यांना सांगा तुम्हीच."

थोरलीनं पुढची चादर हौदातून उपसली. मग थोरली म्हणाली, "येईन उचलायला. मामंजींसाठी. तुझ्यासाठी नाही."

"चालेल."

"आणि ह्यांना सांग, या वेळी उशी घेऊन या म्हणाले नाही. खांदा घेऊन या म्हणाले."

धाकटीला हसू आलं. चादर मध्ये होती म्हणून ते तिनं दिसू दिलं नाही.

*

फेरीच्या सकाळी मास्तरीणबाई आपल्या टोळीसह हजर झाली. सगळ्या साठीच्या पलीकडच्या, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या. नावेत बसताना एकमेकींचे हात धरून किंचाळायच्या आणि बसल्यावर जणू आपण घाबरलोच नव्हतो अशा बसायच्या. थोरलीत उरलं होतं तेवढं पाणी वल्ह्यांनी पार झालं. चिखल लागला. टोळी उतरून कडेच्या कोरड्या पायवाटेनं, पिशव्या सावरत, निघाली.

नाव उचलायची रीत अशी: आधी पालथी करायची. मग चौघांनी चार कोपऱ्यांना आत शिरून उभं राहायचं, कडा खांद्यावर घ्यायची. डोकी नावेच्या पोटात. वरून बघणाऱ्याला आठ पायांचा मोठा किडा चालल्यासारखं दिसतं. आतल्या माणसाला काहीच दिसत नाही, फक्त स्वतःचे पाय आणि पुढची हातभर जमीन. आत काळोख, डांबराचा उग्र वास, आणि बोललेला प्रत्येक शब्द लाकडावर आपटून सगळ्यांच्या कानात. उंच माणसं मागं, म्हणून भाऊ मागं. दोघी जावा पुढं, शेजारी शेजारी.

"हूं?" दादा म्हणाला.

"हूं," तिघं म्हणाले, आणि नाव उठली.

डावा. उजवा. डावा. चिखल पायाला धरायचा आणि नाखुशीनं सोडायचा. धाकटीच्या खांद्याचं हाड कडेखाली दबलं होतं. शेजारी थोरलीचा श्वास, ठरलेल्या लयीत, जसा नेहमी असायचा.

बाहेर पायवाटेवर मास्तरीणबाईला गप्प राहण्याची सवय नव्हती. तिचा शिट्टीचा आवाज लाकडातून आत आला. "अहो धाकट्या वहिनी! गेल्या वर्षी मी तुमच्या धक्क्यावरून गळ टाकू का म्हणून विचारलं होतं, आठवतं? तुम्ही म्हणालात, थोरली आटली, हिच्यात आता काही धरायचं नाही! अहो, तेव्हा तर किती पाणी होतं! खरी आटली ती यंदा!"

धाकटीचं पाऊल चुकलं. नाव डगमगली.

"पाय!" मागून नवरा ओरडला.

थोरली आटली. हिच्यात आता काही धरायचं नाही. ते वाक्य नावेच्या पोटात फिरत राहिलं, आणि फिरता फिरता त्याचं दुसरं तोंड धाकटीला दिसलं. ती धक्क्यावर उभी होती तेव्हा. मागं शेड होती. शेडमागं कोण होतं?

"जाऊबाई..."

"दगड आहे पुढं. डावीकडून घे."

"तुम्ही शेडमागं होता?"

"काथ्या भिजवत होते. डावीकडून, सांगतेय ना!"

"अहो, मी तळ्याचं बोलत होते!"

"माहीत आहे."

धाकटी चालता चालता थांबणार होती, पण चौघांत एकाला थांबता येत नाही. "माहीत आहे?"

"मग काय मी ठार वेडी आहे? त्या बाई काय माझ्यात गळ टाकणार होत्या?"

मागं दादाच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. नाव थरथरली.

"हसू नका," थोरली मागच्या काळोखाला म्हणाली. "नाव पडेल." मग पुढं, हलक्या आवाजात, पण नावेत हलका आवाज नसतोच, सगळं सगळ्यांना ऐकू येतं: "तळ्याचं बोललीस हे दुसऱ्याच क्षणी कळलं गं. पण लागायचं ते पहिल्या क्षणातच लागून गेलं होतं."

डावा. उजवा.

"मग सांगायचं नाही का मला?"

"काय सांगू? तू तळ्याला आटली म्हणालीस, आणि बघ, ते मला लागलं? तू हसली असतीस."

धाकटी म्हणणार होती, नसते हसले. पण डांबराच्या त्या काळोखात, चौघांच्या कानांत, खोटं बोलायला जागा नव्हती. "हसले असते," ती म्हणाली.

"बघ."

"आणि मग रडले असते."

"ते मला कसं कळणार? हसणं आधी आलं असतं ना. त्या हसण्यालाच मी भ्याले." थोरलीचा श्वास पहिल्यांदाच लय सोडून आला. "एक दिवस गप्प बसले. दुसऱ्या दिवशी बोलायला जास्त अवघड झालं. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. मग चूल हलवली. चूल हलवल्यावर तर काय, बोलायचं कारणच उरलं नाही."

"आणि मला उशी उचलायला लावली," दादा मागून म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा, दादा," धाकटी म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते. पाणी नाकावरून ओघळून चिखलात पडत राहिलं.

त्याच वेळी थोरलीचा पाय गेला. गुडघ्यापर्यंत, एकदम. नावेचा पुढचा सगळा भार धाकटीच्या एका खांद्यावर आला. डोळ्यांपुढं काजवे चमकले. मागून दोघं भाऊ ओरडले.

"सोड!" थोरली म्हणाली. "सोडून बाजूला हो, मी बघते."

"सोडत नाही."

"अगं, खांदा निखळेल!"

"निखळू दे. सोडली तर तुमच्या डोक्यात बसेल ती. काढा पाय! काढा ना!"

थोरलीनं एक हात धाकटीच्या कमरेला घातला, तिच्याच आधारानं पाय उपसला. चिखलानं चप्पल ठेवून घेतली. ती एका पायानं अनवाणी उभी राहिली, कडेला खांदा लावला, भार पुन्हा वाटला गेला.

"हूं?" दादा हळूच म्हणाला.

थोरलीनं नाक ओढलं. "हूं. चला आता. मधली काय आपल्याकडं चालत यायचीय?"

*

मग मधली पार झाली, आडवीनं नेहमीप्रमाणं तोंडावर पाणी मारलं, नकटीच्या ढासळल्या काठावर टोळीनं चहा मागितला आणि थर्मासमधला सगळा संपवला. दुपारी नाव धाकटीच्या वाळूला लागली. प्लास्टिकची बदकं रांगेनं उभी होती. लॉजच्या गेटपाशी इंजिनवाला कमरेवर हात ठेवून बघत होता. त्याची धोबीण डोक्यापासून एका अनवाणी पायापर्यंत चिखलानं माखून नावेतून उतरत होती.

"अहो, आज चादरी?" तो म्हणाला.

थोरलीनं वल्हं वाळूत रोवलं. "आज माझी सुट्टी आहे," ती म्हणाली.

तिच्या तोंडून तो शब्द इतका परका वाटला की तिचं तिलाच हसू फुटलं. आधी थोडं, मग जास्त, मग ते जुनं, पलीकडच्या काठापर्यंत जाणारं. धाकटीचे हात वल्ह्यावर तसेच राहिले. नवरा आणि दादा एकमेकांकडं बघत राहिले. पलीकडं नेहमीचे धोबी नव्हते, पण बदकातली दोन माणसं पाय मारायची थांबली.

टोळी पाण्यात शिरली होती. मास्तरीणबाई गळाभर पाण्यात उभी राहून सगळ्यांना हात कसे मारायचे ते सांगत होती. "तुम्हीही या की!" ती ओरडली.

दोघी जावांनी एकमेकींकडं बघितलं. पाण्यावर जन्म गेला होता. लोकांना पाण्यात उतरवलं, वर काढलं, पुसायला टॉवेल दिले. पण सुट्टीसारखं, काही काम नसताना, या पाण्यात बसायचं दोघींना कधी सुचलं नव्हतं.

"चिखल तरी जाईल," थोरली म्हणाली आणि कपड्यांसकट जाऊन बसली. कमरेपर्यंत पाणी. धाकटी शेजारी जाऊन बसली. चिखल सुटून ढगासारखा पाण्यात पसरला, मग हळूहळू तळाशी बसला.

"मी आता तिला थोरली म्हणणार नाही," धाकटी म्हणाली. "वरची म्हणेन."

"खबरदार! लोकांना काय, आमचं नाव बदललंय म्हणून सांगू?" थोरलीनं तिच्या खांद्यावर पाणी ओतलं. कडेचा लाल वळ उठला होता. "दुखतंय?"

"नाही."

"खोटं बोलू नको. इथं नाव नाहीये डोक्यावर, म्हणून लगेच सुरू झालीस."

मास्तरीणबाईची टोळी उन्हं कलताना खालच्या रस्त्यानं गेली. जाताना तिनं पुढच्या सुट्टीचं बजावलं: चौघंही हवेत, नाहीतर ती येणार नाही, कारण नाव उचलताना आतून ज्या गप्पा ऐकू येतात, तशा तिनं कुठल्याच सहलीत ऐकल्या नव्हत्या.

*

दिवस मावळायला चौघं शेडपाशी पोचले. नाव खांद्याच्या पलीकडं, मधलीच्या काठाला पालथी ठेवून आले होते. चिखलातून चालून चालून पाय लाकडाचे झाले होते. थोरली सरळ पलीकडं गेली. तिच्या चुलीची भांडी वाजली. ती एकात एक घालून घेऊन आली आणि धाकटीच्या चुलीशेजारी ठेवली. दादा उशी घेऊन आला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हातारा पायरीवर बसला होता. त्यानं पावलं ऐकली, मोजल्यासारखी मान फिरवली. मग विचारलं, "थोरली कशी आहे?"

थोरलीच पुढं झाली. त्याच्याशेजारी पायरीवर बसली. "फार आटलीय मामंजी. खांद्यापर्यंत सगळा चिखल. माझी चप्पलसुद्धा खाल्ली तिनं. पण मधे अजून पाणी आहे, आणि फेरी झाली."

म्हाताऱ्यानं हात हवेत झटकला. "तळ्याचं कोण विचारतंय? तळं मला इथं बसून ऐकू येतं. वर्ष झालं रोज विचारतोय, एकानं म्हणून धड उत्तर दिलं नाही."

थोरलीनं चिखल वाळलेल्या हातानं म्हाताऱ्याचा हात धरला आणि जरा वेळ तसाच ठेवला.

"बरी आहे, मामंजी," ती म्हणाली.

"फुगली होती जरा," धाकटीचा नवरा दारातून म्हणाला. "आज ओसरली."

थोरलीनं चुलीपाशी पडलेलं ओलं फडकं उचललं आणि नेम धरून त्याच्या तोंडावर मारलं. म्हाताऱ्यानं फडक्याचा आवाज ऐकला, मान हलवली, आणि जेवायला उठला.